दोन बैठका

मराठी भाषेत 'बैठक' हा एकच शब्द दोन परस्परविरुद्ध क्रियांस लावला जातो, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. कचेरीतील कारकून, पेढीवरील मुनीम, ग्रंथांच्या ढिगाआड दडलेला पंडित यांची बैठक म्हणजे एका जागी स्थिर होऊन राहणे. ती जितकी दीर्घ व निश्चल, तितकी त्या मनुष्याची तारीफ अधिक. 'अमक्याची बैठक मोठी जबर' असे आपण कौतुकाने म्हणतो, तेव्हा तो गृहस्थ तासन् तास आसनावरून हालत नाही, एवढाच त्या कौतुकाचा अर्थ असतो. उलट तालमीतील पैलवान पहाटे बैठका मारतो, तेव्हा तो शेकडो वेळा खाली बसतो आणि शेकडो वेळा उठतो. पहिल्या बैठकीत बसणे आहे, उठणे नाही. दुसरीत बसणे आहे ते केवळ उठण्याकरिता. गेल्या दोनशे वर्षांतील महाराष्ट्राच्या सुशिक्षित वर्गाचा शारीरिक इतिहास कोणी लिहावयास घेतला, तर तो या दोन बैठकांच्या झगड्याचाच इतिहास होईल. त्या झगड्यात आपण कोठे जिंकलो व कोठे फसलो, याचा थोडा विचार करण्याचे योजिले आहे.

बसण्याने शरीर बिघडते हा काही आजकालचा शोध नव्हे. चरकसंहितेत प्रमेहाची जी कारणे सांगितली आहेत, त्यांत 'आस्यासुख' म्हणजे बसून राहण्याचे सुख हे अगदी आरंभी येते आणि निद्रेचे सुख त्याच्या पाठोपाठ येते. येथे 'सुख' हा शब्द मोठा मार्मिक आहे. बसणे हे दुःखद असते तर त्यापासून सावध करण्याची वैद्यास गरजच पडली नसती. सुश्रुतसंहितेत याच रोगावरील उपचार सांगताना रोग्यांचे दोन वर्ग केलेले आढळतात. ज्याच्यापाशी साधने आहेत त्याने व्यायाम, कुस्ती, क्रीडा, हत्तीघोड्यांवरील रपेट यांचा अवलंब करावा. जो निर्धन आहे त्याने पायांत पादत्राण व डोक्यावर छत्री न घेता, भिक्षा मागत, शंभर योजने चालत जावे किंवा विहीर खणावी. धनिकास खेळ आणि निर्धनास श्रम, ही ती वाटणी होय. औषध एकच, परंतु ते दोन निरनिराळ्या पात्रांतून दिले गेले. आणि पुढे आपल्या समाजाने पात्रालाच औषध मानले, हे आपणांस यथाक्रम दिसून येईल. युरोपातही ही जाणीव जुनी आहे. इटलीतील बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर जो प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, त्यात बसून काम करणाऱ्या शिंपी-चांभारांच्या व्याधींचे वर्णन करून त्यांनी निदान सुटीच्या दिवशी तरी व्यायाम करावा असा सल्ला दिला आहे. पुढे १७१३ च्या आवृत्तीत त्याने लेखनिकांच्या व्याधींचीही चर्चा केली.

आता आपल्या घराकडे वळू. पेशवाईतील फडावरचा कारकूनही बसूनच लिहीत असे. परंतु तो जमिनीवर बसे. उठावयाचे म्हणजे सर्व देह त्यास मांड्यांच्या बळावर उचलावा लागे. स्वारीबरोबर जावयाचे तर घोडा किंवा स्वतःचे पाय, यांवाचून सामान्य कारकुनास तिसरे वाहन नव्हते. नदीवर स्नान, विहिरीचे पाणी, देवदर्शन, बाजार हे सर्व चालूनच होई. त्या काळी लोक फार निरोगी होते असे म्हणण्याचा हा हेतू नाही. देवी, पटकी व ताप यांनी त्यांचे आयुष्य किती अनिश्चित करून टाकले होते हे सर्वांस ठाऊक आहे. मुद्दा एवढाच की, हालचाल हा त्यांच्या दिनक्रमाचा निराळा भाग नव्हता. दिनक्रम हीच हालचाल होती. आणि तरीही व्यायामाची निराळी विद्या त्या काळी होतीच. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दीत बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाच्या विद्येस नवे जीवन दिले, आणि पुण्याची गादी १८१८ साली गेली तरी ती विद्या त्यांच्या शिष्यपरंपरेने जिवंत राहिली.

त्यानंतरच्या अर्धशतकात हा देखावा पार पालटला. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी सुरू झाली. १८५७ साली मुंबईचे विश्वविद्यालय स्थापन झाले. १८७४ साली मुंबईच्या रस्त्यांवर घोड्यांची ट्राम धावू लागली. वरवर पाहता या तीन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. परंतु नव्या सुशिक्षिताचा देह या तिघींनी मिळून घडविला. विश्वविद्यालयाने त्यास परीक्षेसाठी बसविले, परीक्षेने कचेरीतील खुर्चीवर बसविले, आणि घर व कचेरी यांमधील जे अंतर त्याच्या पायांनी तोडावयाचे, तेथे आगगाडीने व ट्रामने त्यास बाकावर बसविले. यांपैकी एकही गोष्ट वाईट नव्हती. किंबहुना या तिन्हींवाचून आधुनिक महाराष्ट्र उभाच राहिला नसता. परंतु तीन बसणी एकत्र आली आणि त्यांच्यामध्ये उठणे म्हणून जे काही होते ते नाहीसे झाले.

त्या पहिल्या पिढीच्या मृत्यूंची यादी आजही वाचवत नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकर १८५० साली जन्मले व १८८२ साली वारले. कोशकार वामन शिवराम आपटे १८५८ साली जन्मले आणि १८९२ साली गेले. काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांचा काळ १८५० ते १८९३, आणि गोपाळ गणेश आगरकरांचा १८५६ ते १८९५. इतके बुद्धिमान पुरुष ऐन उमेदीत एकामागून एक जाताना पाहून समाज हादरला. पदवीधर मंडळी अल्पायुषी का ठरतात, या प्रश्नाचा जाहीर ऊहापोह झाला. न्यायमूर्ती रानड्यांसारख्यांनी त्यात लक्ष घातले. कोणी परीक्षांच्या ओझ्याकडे बोट दाखविले, कोणी बालविवाहाकडे, कोणी व्यायामाच्या अभावाकडे. आज विचार करता असे वाटते की, त्या मृत्यूंचे खापर सर्वस्वी बैठकीवर फोडणे न्यायाचे होणार नाही. आगरकरांचा दमा, त्या काळचे ताप, क्षय, औषधांची उणीव ही कारणे प्रबळ होती. तथापि त्या चर्चेने एक मोठे काम केले: विद्वानासही शरीर असते, ही गोष्ट तिने महाराष्ट्राच्या मनावर ठसविली.

ही गोष्ट एका विद्यार्थ्याने त्या चर्चेपूर्वीच स्वतःपुरती ओळखली होती. बाळ गंगाधर टिळक डेक्कन कॉलेजात दाखल झाले तेव्हा त्यांची प्रकृती यथातथाच होती. पहिले संबंध वर्ष त्यांनी पुस्तके बाजूस ठेवून कुस्ती, पोहणे व नाव वल्हविणे यांत घालविले. वर्षाअखेर परीक्षेत नापास झाले, परंतु शरीर कमावून बसले. पुढील तुरुंगवास व दगदग सोसण्याचे बळ त्या वर्षाने दिले असे त्यांचे चरित्रकार सांगतात, आणि त्यात तथ्य असावे. परंतु याच टिळकांस उत्तर वयात मधुमेहाने गाठले, हेही सर्वश्रुत आहे. संपादकाची खुर्ची, खटल्यांची कागदपत्रे, मंडालेच्या कोठडीतील ग्रंथलेखन, हे सारे पहिल्या प्रकारच्या बैठकीचे आयुष्य होते. एका थोर पुरुषाच्या रोगाचे कारण इतक्या काळाने ठरविण्याचे धाडस कोणी करू नये. तरीपण तारुण्यातील एका वर्षाची कमाई पुढील चाळीस वर्षे व्याजावर पुरविता येत नाही, एवढा बोध त्यातून घेण्यास हरकत नाही.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्राने जे व्यायामाचे आंदोलन उभे केले, ते आपल्या इतिहासातील एक अभिमानास्पद प्रकरण होय. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे प्रथम सँडोच्या पाश्चात्त्य पद्धतीचे उपासक होते. नंतर ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि त्या व्रताचा त्यांनी जन्मभर प्रसार केला. आपल्या संस्थानातील शाळांत त्यांनी नमस्कार सक्तीचे केले, १९२८ साली त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले, आणि १९३८ साली त्याचा नवा अवतार लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. अमरावतीस वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान आखाडा काढला. त्याचाच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ हा वटवृक्ष झाला, आणि १९३६ साली ऑलिंपिकच्या प्रसंगी त्या मंडळाच्या पथकाने बर्लिन येथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. पुण्यास कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी १९२४ साली महाराष्ट्रीय मंडळ स्थापिले. बडोद्यास दत्तात्रेय चिंतामण मुजुमदार यांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध केले. व्यायाम हा विषय एखाद्या ज्ञानकोशास पुरून उरेल इतका मोठा मानणारा समाज त्या काळी दुसरा क्वचितच असेल.

एवढे सर्व करून पहिली बैठक हटली का? नाही, आणि या पराभवाचे कारण आपल्या विजयातच दडलेले आहे. आखाड्याने व्यायामाला प्रतिष्ठा दिली, परंतु ती देताना व्यायाम व हालचाल यांची फारकत झाली. व्यायाम हे एक नित्यकर्म झाले. त्याला वेळ ठरलेली, जागा ठरलेली, पोशाख ठरलेला. जो ते करी तो उरलेले सारे तास निर्धास्तपणे बसून राही. जो करीत नसे तो, आपल्या हातून आता दंडबैठका व्हावयाच्या नाहीत, सबब आपला मार्गच खुंटला, असे मानून स्वस्थ होई. लग्न झाले, नोकरी लागली, दोन मुले झाली की तालीम सुटावयाची हा तर आपल्याकडे जणू सतरावा संस्कारच आहे. तालीम सुटली म्हणजे सर्वच सुटले, अशी ही समजूत. मध्ये काही असू शकते, हे कोणास सुचलेच नाही.

ते 'मध्ये' असलेले काय, हे दिसून आले लंडनच्या रस्त्यावर. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील बसगाड्यांवरील सुमारे ३१,००० नोकरांच्या हृदयविकाराची टिपणे गोळा केली. लंडनची बस दुमजली. तिच्यावर दोन माणसे: एक चालक, दुसरा वाहक. दोघे एकाच वर्गातले, एकाच मालकाचे नोकर, एकाच गाडीतून दिवसभर फिरणारे. भेद एवढाच की, चालक आपल्या पाळीचा बहुतेक सारा वेळ बसून असे, आणि वाहक तिकिटे देण्याकरिता सारखा वरखाली करीत दिवसाकाठी ५०० ते ७५० पायऱ्या चढे. १९५३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाला: वाहकांत हृदयविकार चालकांपेक्षा बराच कमी, आणि झाला तरी उशिरा व सौम्य. पोस्टातही तेच दिसले. पायी व सायकलवर टपाल वाटणारे हे टेबलाशी बसणाऱ्या कारकुनांहून सुस्थितीत होते. यावर आक्षेप निघणे स्वाभाविक होते. मुळात जो स्थूल तोच चालकाची नोकरी पत्करीत असेल तर? हा आक्षेप मॉरिस यांनी टाळला नाही. त्यांनी नोकरांस दिल्या जाणाऱ्या गणवेशांची मापे मिळविली, आणि चालकांच्या विजारींचा कमरेचा घेर वाहकांहून मोठा असतो, हे १९५६ साली स्वतःच जाहीर केले. म्हणजे भेदाचा काही अंश मूळचाच असू शकेल. परंतु पुढील अर्धशतकात निरनिराळ्या देशांत झालेल्या पाहण्यांनी मूळ सिद्धान्तास बळकटीच आणली.

या वृत्तान्तातील आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, तो वाहक व्यायाम करीत नव्हता. त्याने लंगोट कसला नव्हता, व्रत घेतले नव्हते, शरीर कमावण्याचा विचारही त्याच्या मनात नव्हता. तो आपले काम करीत होता. सुश्रुताने निर्धनास दिलेले औषध तो नकळत घेत होता.

अलीकडील संशोधनाने हे चित्र अधिक रेखीव केले आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान प्रयोगात १९ स्थूल व्यक्तींस पाच तास बसवून ठेवले. एके दिवशी सलग, आणि इतर दिवशी दर वीस मिनिटांनी दोन मिनिटे चालवून. ज्या दिवशी मध्ये उठणे होते, त्या दिवशी आहारानंतर रक्तात चढणारी साखर सुमारे पाव हिश्शाने किंवा त्याहूनही कमी झाली. २०१६ साली दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीचे एकत्र परीक्षण झाले. त्यात दिवसाला आठ तासांहून अधिक बसणाऱ्यांचे नुकसान भरून येण्यास रोज साठ ते पंचाहत्तर मिनिटांची मध्यम हालचाल लागते, असे आढळले. म्हणजे आखाड्यातील तास व्यर्थ नव्हे, हेही सिद्ध झाले. आणि ज्यांस तास मिळत नाही, त्यांस निराश होण्याचे कारण नाही हेही. दहा हजार पावलांचा जो आकडा आज घरोघरी ऐकू येतो, तो १९६५ च्या सुमारास जपानात विकावयास आलेल्या पाऊलमापक यंत्राच्या नावातून आलेला आहे. तो शास्त्राने मोजून काढलेला नव्हे. २०१९ साली सुमारे १७,००० वृद्ध स्त्रियांच्या पाहणीत, दिवसाला ४,४०० पावले चालणाऱ्यांत २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा मृत्यूचे प्रमाण कमी दिसले, आणि हा लाभ ७,५०० च्या आसपास स्थिरावला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली आपली सूचना सुधारताना, सलग दहा मिनिटांहून कमी हालचाल हिशेबात धरू नये ही जुनी अट काढून टाकली. थोडक्यात, जिना चढणे, पाणी आणणे, बाजारास पायी जाणे, या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टी शास्त्राच्या जमाखर्चात आता रीतसर जमेच्या बाजूस पडू लागल्या आहेत.

मग आपल्याकडे हे घडत का नाही? २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड व चंडीगड येथील निम्म्याहून अधिक प्रौढ निष्क्रिय आढळले. वेळ नाही, जागा नाही, रस्त्यावर चालण्यास वाट नाही ही कारणे खरीच आहेत. परंतु त्यांच्याही मुळाशी एक जुने कारण आहे, आणि ते आपणांस कबूल करावयास जड जाते. आपल्या समाजात बसणे ही प्रतिष्ठा आहे. राज्य मिळाले की 'गादीवर बसले'. व्यवहारात जम बसला की 'बस्तान बसले'. कचेरीत साहेबाच्या मेजावर घंटी असे आणि दाराशी पट्टेवाला. दहा पावलांवरची फाईल आणण्यास साहेब उठला तर त्याच्या हुद्द्यास कमीपणा येई. घरात पुरुष पाटावर बसे आणि पाण्याचा तांब्या बायको आणून ठेवी. दळण, कांडण, विहिरीचे पाणी ही कामे स्त्रियांनी, आणि त्यांनाही ज्यांनी ती मोलाने करून दिली त्यांनी केली. त्या कष्टांचे गोडवे गाणे हा शुद्ध ढोंगीपणा होईल; त्यांत कित्येकींचे देह झिजून गेले, आणि जाते गेले हे बरेच झाले. परंतु ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, जो गृहस्थ पहाटे पन्नास नमस्कार मोठ्या अभिमानाने घालीत असे, तोच स्वतःची घागर उचलण्यास लाजत असे. खेळ धनिकाचा आणि श्रम निर्धनाचे, ही सुश्रुतकालीन वाटणी आपण औषधापुरती न ठेवता मानापमानाची करून टाकली.

या वाटणीस न जुमानणारा एक पुरुष त्याच पिढीत होऊन गेला. धोंडो केशव कर्वे १८५८ साली, म्हणजे कोशकार आपट्यांच्याच जन्मवर्षी, जन्मले. मुरुडचा हा मुलगा सरकारी परीक्षेस बसण्याकरिता सुमारे ११० मैल डोंगर तुडवीत साताऱ्यास पायी गेला, आणि वयाने लहान दिसतो म्हणून परत पाठविला गेला. पुढे फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाल्यावर, हिंगण्याच्या माळावर १९०० साली आश्रमाची झोपडी उभी राहिली, तेव्हा कॉलेजातील काम आटोपून ते चिखल तुडवीत पायी तेथे जात, आणि सकाळी पुन्हा शहरात परतत. ते व्यायाम म्हणून चालत नव्हते. तेथे त्यांचे काम होते म्हणून चालत होते. ते १९६२ साली, १०४ वर्षांचे होऊन वारले. एका माणसाच्या आयुर्मानावरून सिद्धान्त काढता येत नाही, आणि कर्व्यांचे दीर्घायुष्य केवळ चालण्याने आले असे म्हणणे पोरकटपणाचे ठरेल. परंतु प्राध्यापकी व पायपीट एका देहात सुखाने नांदू शकतात, विद्वत्तेस त्याने बाध येत नाही आणि मोठेपणास कमीपणा येत नाही, एवढे त्या आयुष्याने निर्विवाद दाखविले.

तात्पर्य, पहिल्या बैठकीवर उपाय म्हणून आपण आजवर केवळ दुसरीकडे पाहत आलो. ती उत्तमच आहे, आणि ज्यांस साधते त्यांनी ती अवश्य करावी. परंतु दोहोंच्या मधला जो दिवस आहे, त्यातील उठणे आपण नोकराच्या, पत्नीच्या, यंत्राच्या स्वाधीन करून बसलो आहो. ते परत मागून घेणे हाच खरा उपाय, आणि त्यास कोणतीही तालीम लागत नाही. स्वतःचे पाणी स्वतः घ्यावे. निरोप ओरडून न सांगता उठून जाऊन सांगावा. जिना असेल तेथे जिना चढावा. जेवणानंतर ताट स्वतः उचलावे. यांत आरोग्य आहेच; परंतु घरातील दुसऱ्या कोणाचे तरी ओझे त्याने उतरते, हा लाभ कोणत्याही आखाड्यात मिळत नाही. लेखकाने हा लेख बसूनच लिहिला आहे आणि वाचकांनीही तो बसूनच वाचला असेल. तेव्हा आता दोघांनीही उठावे, हे बरे.